चिरंजीवाचे पालक

विद्यापीठाच्या परीक्षा विभागात त्याला सगळे खोडरबर म्हणत. तोंडावर काका म्हणत, पाठ वळली की खोडरबर. हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नाही, पण ठेवणाऱ्याची नजर चांगली होती. दुसऱ्याची चूक पुसायची आणि आपण पुसली हे कुणाला कळू द्यायचं नाही, हा त्याचा तीस वर्षांचा उद्योग. एखाद्या मुलाचे बासष्ट गुण कुणीतरी सव्वीस करून ठेवले, जन्मतारखेत बापाचं साल पडलं, एकाच मुलीला एकाच वेळी दोन कॉलेजांत हजर दाखवलं, की ते प्रकरण या टेबलावरून त्या टेबलावर सरकत शेवटी त्याच्यापाशी येई. ज्याने चूक केली तो तोवर चहाला गेलेला असे.

माणूस नाकासमोर चालणारा. लग्न झालं नाही, आणि का झालं नाही यामागे काही मोठी कहाणीही नाही. आधी धाकट्या बहिणीचं व्हायचं होतं, मग दादाच्या घराचं बांधकाम निघालं, मग विचारणारेच थकले. दादाच्या घरी वरच्या मजल्यावर त्याची एक खोली. जेवण खाली. वहिनी मनाने वाईट नाहीत. पान वाढून झाकून ठेवतात, "भाऊजी, गरम करून घ्या हं" एवढं सांगतात आणि टीव्हीसमोर बसतात. दादाला ऐकू कमी येतं. त्याच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं, आणि ओरडून सांगण्यासारखं खोडरबरच्या आयुष्यात काही घडत नव्हतं. पुतणी लहान होती तेव्हा वर येऊन त्याच्या पलंगावर अभ्यास करायची. ती नोकरीसाठी परगावी गेली, तेव्हापासून त्या जिन्यावर एकाच माणसाची पावलं वाजतात.

तर अशा या माणसाच्या नोकरीचे दहा महिने उरले असताना विद्यापीठात नवी सिस्टीम आली. आली म्हणजे काय, नमनालाच घडाभर तेल गेलं. तीन वर्षं बैठका चालल्या, समित्यांवर उपसमित्या बसल्या, आणि शेवटी एका सोमवारी कंपनीची माणसं लॅपटॉप घेऊन मधल्या हॉलमध्ये येऊन बसली. जुनी सिस्टीम एकवीस वर्षांची होती. काळा पडदा, हिरवी अक्षरं, आणि माऊसशी तिचं उभ्या जन्मात जमलेलं नव्हतं. नवीत सगळं रंगीत. प्रवेश, परीक्षा, वसतिगृह, ग्रंथालय, सगळं एका छताखाली. "कानामागून आली आणि तिखट झाली," असं आस्थापना विभागातले लोक म्हणत, कारण त्यांची रजेची वही बंद होणार होती.

अशा वेळी म्हातारा कारकून यंत्रावर रुसून बसतो, असं सांगायची पद्धत आहे. हा मुळीच रुसला नाही. जुनीच्या खोडी त्याला पाठ होत्या आणि त्या जाणार याचं त्याला बरंच वाटत होतं. कंपनीकडून आलेली तिशीची एक मुलगी कामाची प्रमुख होती. भरभर बोलायची, दुपारी जेवणाऐवजी बिस्किटं खायची, आणि पहिल्या आठवड्यातच तिने ओळखलं की या इमारतीत खरं काय ते एकाच माणसाला माहीत आहे. "सर, हे असं का?" असं ती दिवसातून वीसदा विचारायची. तो सांगायचा. कुणी त्याला इतकं विचारल्याला फार वर्षं झाली होती, त्यामुळे तो संध्याकाळी थोडा उशिराच निघायचा.

काम सांगायला सोपं होतं. जुन्यात जितके विद्यार्थी, तितकेच नव्यात आले पाहिजेत. एक कमी नाही, एक जास्त नाही. आणि आलेला प्रत्येक जण हाडामांसाचा पाहिजे, असं शेवटी खोडरबरने सही करून लिहून द्यायचं. ज्यांच्याबद्दल संशय होता अशा चारशे नोंदींची यादी कंपनीच्या मुलीने काढली. कुणाचं नाव दोनदा आलेलं, कुणाला आईवडीलच नाहीत, कुणी जन्मायच्या आधी प्रवेश घेतलेला. सहा आठवडे तो एकेक नोंद उघडून बसला. शेवटी एक उरली.

"सर, हा बघा ना," मुलगी हसत म्हणाली. "तीन वर्षांचा कोर्स आणि हा एकवीस वर्षं शिकतोय. मध्ये नापास नाही, काही नाही. सगळे विषय देऊन झाले की परत पहिल्यापासून. कोण आहे हा?"

"तो आमचा चाचणीचा," खोडरबर म्हणाला. "खरा नाही."

"मग काढून टाकू?"

"राहू दे. मी काढतो."

हे तो सोमवारी म्हणाला. शनिवारी चार वाजता जुनी सिस्टीम कायमची कुलूपबंद होणार होती. मंगळवार गेला, बुधवार गेला, गुरुवारी मुलीने आठवण केली, तेव्हा तो म्हणाला, "हो, हो, करतोच आहे." ज्याने आयुष्यात कुणाचं काम दुसऱ्या दिवसावर टाकलं नाही, त्याचं घोडं इथे अडलं होतं. का अडलं, ते सांगायला हवं.

एकवीस वर्षांपूर्वी जुनी सिस्टीम नवी होती, तेव्हा ती चालते का ते बघायला एक खोटा विद्यार्थी लागत होता. खऱ्यांवर प्रयोग करून चालणार नव्हतं. खोडरबरच्या समोरच्या टेबलावर तेव्हा प्रवेशाचं काम बघणाऱ्या बाई बसत. त्यांनी प्रवेश द्यायचा, याने गुण भरायचे, अशी विभागणी. बाई त्याच्याहून पाच वर्षांनी मोठ्या, अंगाने सडपातळ, आणि जिभेने इतक्या तिखट की खोडरबर हे नाव त्या तेवढ्या तोंडावर घेत. घरी अंथरुणाला खिळलेले वडील होते. त्यांचं करता करता बाईंचंही लग्न राहून गेलं होतं. अर्ज भरताना वडिलांचा फोन आणि आईचा फोन असे दोन रकाने आले.

"वडिलांच्या जागी तुमचा घालू?" बाईंनी मान वर न करता विचारलं.

"घाला."

"मग आईच्या जागी माझा. पोराला पोरकं कशाला ठेवायचं."

त्याचं नाव त्यांनी 'चाचणी एक' असं काहीतरी ठेवलं होतं, पण बोलताना ते त्याला चिरंजीव म्हणत. चिरंजीवाने मग सगळं केलं. नवा अभ्यासक्रम सुरू झाला की पहिला प्रवेश त्याचा. ग्रंथालयाचं कार्ड निघालं की पहिलं पुस्तक त्याच्या नावावर. एकदा सिस्टीमच्या चुकीने तो मुलींच्या वसतिगृहात राहायला गेला, तेव्हा बाई दिवसभर हसत होत्या. "अहो, तुमच्या लाडाने बिघडला तो," असं त्या म्हणायच्या. आता आपल्यात 'अहो' कोण कुणाला म्हणतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. ऑफिसात तर सगळे सगळ्यांना अहो म्हणतात, हेही ठाऊक आहे. खोडरबर दोन्हींच्या मध्ये कुठेतरी सतरा वर्षं बसून राहिला.

पुढे निकालाचे मेसेज पालकांच्या फोनवर जायला लागले. खऱ्या निकालाआधी ते नीट जातात का बघायला, दर सहा महिन्यांनी तो आधी चिरंजीवाचा निकाल लावायचा. "आपला पाल्य परीक्षेत उत्तीर्ण झाला आहे." बाई फोन बघून म्हणायच्या, "झाले बाई पास." एकदा तो म्हणून गेला, "आईवर गेलाय." बोलला आणि संध्याकाळपर्यंत मान वर करायची त्याची छाती झाली नाही. बाईंनी मात्र ते कानाआड केलं, की त्यांना ते ऐकूच गेलं नाही, हे त्याला कधी समजलं नाही.

चार वर्षांपूर्वी बाई रिटायर झाल्या. वडील आधीच गेले होते. त्या परगावी धाकट्या बहिणीकडे राहायला जाणार होत्या. निरोपाच्या कार्यक्रमात भाषणं झाली, फोटो निघाले, आणि पायऱ्या उतरताना बाई त्याला म्हणाल्या, "येते हं. चिरंजीवाकडे लक्ष ठेवा."

लोक निघताना काहीतरी बोलतात. पण खोडरबरने ते वाक्य घरी नेलं.

फोन नंबर त्याच्याकडे होता. फोन करायचा तर कारण पाहिजे, असं त्याला वाटे, आणि कारण काही सापडत नव्हतं. मग सहा महिन्यांनी निकालाची वेळ आली. चिरंजीवाला नेहमी सत्तरच्या आसपास गुण पडत. या वेळी त्याने पंचेचाळीस भरले. बाई गेल्या, पोराचं अभ्यासात लक्ष लागेना. एवढंच त्याला सांगायचं होतं. मेसेज गेला, बाईंच्या नंबरापुढे 'पोहोचला' असं हिरवं अक्षर उमटलं, आणि तो दिवस त्याला सुखाचा गेला.

वेड्यासारखं वागणं होतं, हे त्यालाही कळत होतं. चाचणीला कुठलाही आकडा चालला असता. पण तो आदल्या रात्री अंथरुणात पडल्या पडल्या गुण ठरवायचा. पित्ताशयाचं ऑपरेशन झालं त्या वर्षी त्याने कामावर परतल्यावर लिहिलं, 'गैरहजर, वैद्यकीय कारण'. मेसेज पोहोचला, अकरा वाजून बेचाळीस मिनिटांनी. त्याने तीन दिवस फोन उशाशी ठेवला. बाईंचा फोन आला नाही. त्याने स्वतःची समजूत घातली की बाई मुळातच भिडस्त, चारचौघांत फोनवर काय बोलणार. त्यांना कळलं असणार, एवढं पुरे. पुढच्या खेपेला त्याने विशेष प्रावीण्य दिलं, म्हणजे आता तब्येत ठीक आहे हे त्यांना समजावं. असे आठ मेसेज झाले. चार वर्षांत एवढं आणि इतकंच त्याने कुणाशी मनातलं बोलणं केलं होतं.

नव्या सिस्टीममध्ये चाचणीची जागा वेगळी होती. तिथून निघालेला मेसेज कुठेच जात नव्हता. कंपनीच्या मुलीने ते फार अभिमानाने दाखवलं होतं. "चुकून कुणा खऱ्या माणसाला काही जायला नको ना, सर."

शुक्रवारी जेवताना वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, आज पानात तसंच टाकलंत." त्याने भूक नाही म्हणून सांगितलं. वर जाऊन तो खिडकीशी बसला. चिरंजीव गेला की बाईंच्या आणि त्याच्या मध्ये काही राहणार नव्हतं. यापुढे मेसेज नाही, आठवण नाही, दहा महिन्यांनी नोकरीही नाही. त्याला भीती वाटली. मग उशिरा का होईना, त्याच्या डोक्यात उजेड पडला की फोन करायला कारण मिळालंय. मुलाचं नाव काढायचं तर दोन्ही पालकांना विचारायला नको का?

शनिवारी दोन वाजता हॉलमध्ये कंपनीची माणसं आकडे जुळवत होती. खोडरबर मागच्या व्हरांड्यात गेला. तिथे काढलेले जुने मॉनिटर भिंतीला तोंड करून रचून ठेवले होते. त्याने नंबर लावला.

"हॅलो, कोण?" बाईंचाच आवाज. मागे लहान मुलं गलका करत होती.

"मी, परीक्षा विभागातून बोलतोय."

"बोला ना. पेन्शनचं आहे का काही? मी कागद दिलेत सगळे."

"नाही, तसं नाही. मी खोडरबर."

बाई मोठ्याने हसल्या. "अगोबाई, तुम्ही होय. आवाज ओळखला नाही हो. थांबा, आत जाते, इथे बहिणीच्या नातवंडांनी घर डोक्यावर घेतलंय." दार लागल्याचा आवाज आला. "हं, बोला. कसे आहात? रिटायर झालात?"

"अजून दहा महिने."

"तब्येत?"

"आता बरी. मध्ये ऑपरेशन झालं होतं."

"हो का? कधी? काही कळलंच नाही बघा. कुणी सांगायचं तरी."

खोडरबरने समोरच्या मॉनिटरवरची धूळ बोटाने पुसली. ताकाला जाऊन भांडं लपवायची त्याची सवय जुनी, पण आज चार वाजायला दोनच तास होते.

"नवी सिस्टीम आलीय," तो म्हणाला. "जुनीतलं सगळं हलवतोय. त्यात तो आपला चाचणीचा विद्यार्थी आहे. चिरंजीव."

"अजून आहे तो?" बाई पुन्हा हसल्या. "किती वर्षं झाली. काय एकेक करायचो आपण."

"त्याचे मेसेज येत होते ना तुम्हाला?"

"येतात की. सहा महिन्यांनी एक येतोच. ते आपोआपच जात असतील ना, मशीनवर लावून ठेवलेलं असणार. मी काही उघडत नाही. विद्यापीठाचा नंबर दिसला की पुसून टाकते." मागे एक मूल दार वाजवत होतं, त्याला त्या "आले रे" म्हणाल्या. "खरं सांगू का, कितीदा वाटलं तुम्हाला फोन करून सांगावं, माझा नंबर तेवढा काढून टाका म्हणून. पण म्हटलं, एवढ्याशा कामासाठी कशाला त्रास द्यायचा. तुम्ही कामात असणार."

"नव्हतो एवढा कामात," तो म्हणाला.

"काय म्हणालात?"

"काढतो म्हटलं. आजच काढतो."

"सावकाश काढा हो, घाई नाही काही. आणि या कधीतरी इकडे. बहिणीचं घर मोठं आहे."

"येईन की."

"बरं, ठेवते. ही पोरं दार तोडतील."

फोन बंद झाला. तो तिथेच उभा राहिला. बाईंचा राग यायला काही जागाच नव्हती. त्या नेहमीसारख्या बोलल्या होत्या, मोकळ्या, प्रेमळ, हसऱ्या. त्यांनी काही लपवलं नव्हतं आणि काही मोडलंही नव्हतं. त्याला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. पंचेचाळीस गुण, गैरहजर, विशेष प्रावीण्य, सगळं त्याने चार वर्षं स्वतःलाच सांगितलं होतं. एवढ्या चुका शोधणाऱ्या माणसाला स्वतःची तेवढी दिसली नव्हती.

आतून मुलीची हाक आली. "सर, एकाचा फरक येतोय अजून."

"आलो."

त्याने टेबलावर बसून चिरंजीवाची नोंद उघडली. आधी आईचा फोन. नंबर पुसला, पण जुनी सिस्टीम रकाना रिकामा ठेवू देईना. दहा आकडे पाहिजेतच, म्हणून ती अडून बसली. बाईंना शब्द दिला होता. दुसरा कुठला नंबर त्याला पाठ नव्हता, आणि कुणा भलत्याच माणसाचा घालणं त्याच्या स्वभावात नव्हतं. त्याने आईच्या रकान्यातही स्वतःचाच नंबर घातला.

मग नाव कमी करण्याचा पडदा उघडला. कारण निवडल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं, आणि कारणं चारच होती. मृत्यू. शिस्तभंग. दुसऱ्या विद्यापीठात बदली. पालकांची विनंती. त्याने चारही दोनदा वाचली. खोटी नोंद असली तरी खोटं कारण लिहायचं नाही, असा त्याचा नियम होता. त्याने 'पालकांची विनंती' हे निवडलं आणि बटण दाबलं.

"जुळलं, सर," हॉलच्या त्या टोकाकडून मुलगी म्हणाली. "बरोबर आलं. या सहीला."

तो उठणार तोच टेबलावरचा फोन वाजला. आपल्या पाल्याचे नाव पटावरून कमी करण्यात आले आहे, असं वडिलांना कळवण्यात आलं होतं. तो वाचत असतानाच फोन पुन्हा वाजला. तेच आईलाही कळवलं होतं. त्याने तोही मेसेज उघडून शेवटपर्यंत वाचला, आणि मग सही करायला गेला.